कॅसेटवर ऐकलेला बँड

2012 साली इंडस क्रीडचा 'इव्हॉल्व्ह' आला आणि जळगाव-धुळ्यातल्या आमच्या मूठभर रॉकवेड्यांत सरळ दोन तट पडले. बँड फुटला होता 1997 ला, पुन्हा जमला 2010 ला. एवढी वाट पाहून हाती आलेल्या आठ गाण्यांनी कुणी भरून पावलं, तर कुणाला आपली फसवणूक झाल्यासारखं वाटलं. धुळ्याच्या मित्राने तर फोनवर अहिराणीतच निकाल देऊन टाकला : "हाऊ तो बँड नही शे, भाऊ!"

'तो' बँड म्हणजे मूळचा रॉक मशीन. मुंबईत 1984 साली सुरू झालेला. उदय बेनेगलचा आवाज, महेश तिनईकर आणि जयेश गांधी यांच्या गिटारी, झुबिन बालापोरियाचे कीबोर्ड, मार्क सेल्विनचा बेस आणि मार्क मेनेझिसचे ड्रम्स, ही मंडळी चाहत्यांच्या तोंडी बसलेली. त्या काळी कॉलेजांच्या महोत्सवांतले बहुतेक बँड डीप पर्पल, लेड झेपेलिन वाजवून टाळ्या घेत. यांनी स्वतःची गाणी लिहिली आणि ती बाजारात आणून दाखवली. 1988 ला 'रॉक अँड रोल रेनेगेड', 1990 ला 'द सेकंड कमिंग'. भारतात बसून इंग्रजी रॉक लिहिता येतं, एवढी साधी गोष्ट तेव्हा कुणीतरी करून दाखवायची होती. माझ्या लेखी या बँडचं मोठेपण तिथंच सिद्ध झालं.

खान्देशात हे सगळं पोचलं ते कॅसेटच्या रूपात. मुंबईकरांकडे धोबी तलावचं रंगभवन होतं, तिथला घाम आणि धक्काबुक्की होती. आमच्याकडे बाजारातली कॅसेटची दुकानं. समोर हिंदी सिनेमा, त्यामागे भजनं आणि लोकगीतं, इंग्रजी कॅसेटी खालच्या खणात आणि त्यातही बहुतेक मायकल जॅक्सन. भुसावळच्या रेल्वे कॉलनीत इंग्रजी गाणी ऐकणारी घरं होती, पण त्यांची आवड जुनी, नाचाच्या गाण्यांची. रॉक मशीन हवं तर मुंबईला शिकायला गेलेल्या कुणाला तरी सांगून ठेवावं लागे. दिवाळीत तो आला की कॅसेट जळगावात फिरे आणि चाळीसगावमार्गे धुळ्याला जाई.

मग तिच्या कॉप्या निघत. दोन खणांच्या टेपरेकॉर्डरवर एकीकडे मूळ, दुसरीकडे कोरी कॅसेट. पहिल्या कॉपीत सिंबलची किणकिण थोडी बोथट व्हायची. कॉपीची कॉपी काढली की बेस गढूळ, आणि मागं एक सतत 'स्स्स'. तिसऱ्या हातच्या कॉपीत गिटार आणि गाणाऱ्याचा आवाज तेवढा पुढे उरायचा. बालापोरियाचे कीबोर्ड जवळपास गायब. माझ्याकडे जी होती ती अशीच. सरळ, आडदांड, कुठेही नक्षीकाम नसलेला बँड अशीच त्यांची ओळख माझ्या मनात पक्की झाली. केबलवर एमटीव्ही आला आणि 'प्रिटी चाइल्ड'चा व्हिडिओ दिसला, तेव्हा या माणसांना चेहरे मिळाले. आवाजाची प्रतिमा मात्र कॅसेटचीच राहिली.

1993 ला त्यांनी नाव बदलून इंडस क्रीड केलं, 1995 ला त्याच नावाचा अल्बम काढला. पण त्याच वर्षी अलिशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया' आलं आणि कॅसेट कंपन्यांना हिंदी पॉपमध्ये पैसा दिसू लागला. इंग्रजीत गाणाऱ्यांसाठी जागा आक्रसत गेली. दोन वर्षांत बँड थांबला. बेनेगल आणि गांधी न्यूयॉर्कला गेले, तिथं त्यांनी 'आम्स फॉर शांती' काढून हिंदीतही गाऊन पाहिलं.

2010 ला जमले ते बेनेगल, तिनईकर आणि बालापोरिया. सोबत रुशाद मिस्त्रीचा बेस आणि जय राव कवीचे ड्रम्स, दोघंही पुढच्या पिढीचे. 'इव्हॉल्व्ह'चं मिक्सिंग टिम पामरने केलं. पर्ल जॅमचा 'टेन' मिक्स करणारा हाच माणूस. तोवर जळगावातली कॅसेटची दुकानं संपली होती. त्यांच्या जागी मोबाइलची दुकानं आली होती आणि तिथं मेमरी कार्डात शेकड्याने गाणी भरून मिळत. लग्नसराईत डीजेवर अहिराणी गाण्यांचा धडाका. 'इव्हॉल्व्ह'ची सीडी मी ऑनलाइन मागवली.

'फायरफ्लाइज', 'डिझॉल्व्ह', 'नो डिसग्रेस' ही गाणी सावकाश चढत जातात. कॉलेजच्या व्हरांड्यात एकसुरात ओरडावं असं धृपद त्यांत फारसं नाही. गिटारीचे थर, त्याखाली कीबोर्ड, बेनेगलचा आवाज आधीपेक्षा दबलेला आणि जड. मुंबईतल्या ओळखीच्यांची तक्रार होती की यात रंगभवनची धग नाही. आमच्याकडची तक्रार वेगळी : फार गुळगुळीत झालंय, जुना रांगडेपणा गेला.

काही वर्षांनी जुन्या अल्बमांची स्वच्छ रेकॉर्डिंग ऐकली तेव्हा त्या तक्रारीतली गोम कळली. कीबोर्ड पहिल्यापासून होते. थर होते, कलाकुसर होती. रांगडेपणाचा बराचसा भाग आमच्या कॉप्यांचा होता. मुंबईकर 'इव्हॉल्व्ह'मध्ये स्टेज शोधत होते, आम्ही ती झिजलेली टेप.

जुन्या आवाजाचा हा हट्ट जगात इतरत्रही दिसलाय, विशेषतः पंकमध्ये. पंकची पायाभरणी ज्यांनी केली त्या स्टूजेसचा 'रॉ पॉवर' 1973 चा. डेव्हिड बोवीने केलेल्या त्याच्या मिक्समध्ये बेस आणि ड्रम्स दबलेले. 1997 ला इगी पॉपने तो नव्याने मिक्स केला, सगळं खणखणीत ऐकू येऊ लागलं, तर कित्येक चाहत्यांनी तो जुना, किरकिरा आवाजच परत मागितला. पुढे बँड पुन्हा जमला आणि 2007 ला 'द वीअर्डनेस' आला, तेव्हा टीकेची झोड उठली. स्वीडनच्या रिफ्यूज्डचंही तेच. 1998 ला फुटले, 2012 ला परतले, 2015 च्या 'फ्रीडम'मधल्या काही गाण्यांना शेलबॅक या पॉप निर्मात्याचा हात लागला म्हणून जुने चाहते दुखावले. सेक्स पिस्टल्सने 1996 ला दौऱ्याचं नावच पैशावरून ठेवलं आणि नवा अल्बम काढायच्या फंदात ते पडलेच नाहीत. तो मार्ग सोपा होता. जुनी गाणी वाजवून रॉक मशीनलाही देशभर कार्यक्रम मिळाले असते. त्यांनी नवी गाणी लिहिली, आणि याबद्दल मला त्यांचा मनापासून आदर वाटतो.

म्हणून 'इव्हॉल्व्ह'ला सगळं माफ, असं मात्र नाही. काही गाण्यांत चाल ठसण्याआधीच मांडणी गुंतागुंतीची होते, शब्द त्या ओझ्याखाली विरतात. आणि खरी उणीव आहे जयेश गांधीची. तिनईकर अप्रतिम वाजवतो, थरावर थर चढवतो. पण जुन्या रेकॉर्डिंगमध्ये दोन गिटारी एकमेकींना उत्तरं देत होत्या, एकीने सूर सोडला की दुसरी तो उचलत होती. ते आमच्या तिसऱ्या हातच्या कॉपीतही ऐकू यायचं. 'इव्हॉल्व्ह'मध्ये ते नाही, आणि कितीही स्वच्छ मिक्सिंगने ती जागा भरून निघालेली नाही.