रॅक ट्यूनर जोडायचा कुठे?

रॅक ट्यूनर १९ इंची रॅकमध्ये स्क्रूने बसतो आणि अंधाऱ्या स्टेजवरही लांबून वाचता येतो. सोपी जोडणी अशी : गिटारची केबल ट्यूनरच्या इनपुटला, आउटपुटमधून दुसरी केबल अँपला. पण साध्या गिटारचा सिग्नल नाजूक असतो. केबल जितकी लांब, तितकी तिची कपॅसिटन्स जास्त, आणि त्यात आधी ट्रेबल जातो. आवाज झाकल्यासारखा येतो.

म्हणून मला बाजूची वाट पटते. अनेक व्हॉल्यूम पेडलना ‘ट्यूनर आउट’ असतो. तिथून ट्यूनरला वेगळी केबल न्यावी. टाच खाली दाबली की अँप गप्प, ट्यूनर चालू! दोन गाण्यांच्या मध्ये सूर लावताना श्रोत्यांना ते ऐकावं लागत नाही, हे फार मोलाचं. पेडल पॅसिव्ह असेल तर ही केबलही थोडा ट्रेबल खाते. म्हणून पेडलच्या आधी बफर लावावा.

अँपच्या इफेक्ट्स लूपमध्ये ट्यूनर नको. तिथे येणारा सिग्नल डिस्टॉर्शन झालेला असू शकतो, आणि अशा सिग्नलवर वाचन डळमळतं. आणि अँपचा स्पीकर आउट ट्यूनरला कधीही जोडू नका : ट्यूनर जळू शकतो, शिवाय स्पीकरविना चालवलेल्या व्हॉल्व्ह अँपचा आउटपुट ट्रान्सफॉर्मरही जाऊ शकतो.