चित्रपटांद्वारे जपानी भाषेचे अध्ययन : उपयोग आणि मर्यादा

प्रस्तावना :
परकीय भाषेच्या अध्ययनात श्रवण हे पायाभूत कौशल्य मानले जाते. जपानीच्या श्रवणासाठी चित्रपट हे प्रभावी साधन आहे. परंतु पडद्यावरील प्रत्येक संवाद अनुकरणीय असतोच असे नाही. प्रस्तुत लेखात या साधनाचे उपयोग व मर्यादा यांचा विचार केला आहे.

वाक्यरचना व उच्चार :
मराठीप्रमाणेच जपानी वाक्यात कर्ता, कर्म, क्रियापद असा क्रम असतो. 'मी भात खातो' याचे जपानी रूप 'वाताशी वा गोहान ओ ताबेमासु' असे होते. यातील 'वा' व 'ओ' हे मराठी प्रत्ययांप्रमाणे नामानंतर येतात. मराठी भाषकास खरी अडचण येते ती दीर्घ स्वरांची. 'ओबासान' म्हणजे आत्या किंवा मावशी, तर 'ओबाऽसान' म्हणजे आजी. हा भेद कानांनीच पक्का होतो. हायाओ मियाझाकी यांच्या 'तोनारी नो तोतोरो' (१९८८) मधील चिमुरडी मेई 'तोऽमोरोकोशी' (मका) या शब्दातील अक्षरांची अदलाबदल करते. ही गंमत कळणे हे श्रवणातील प्रगतीचे लक्षण होय.

आदरार्थी भाषा :
मराठीत 'तू', 'तुम्ही', 'आपण' असा भेद आहे; जपानीत क्रियापदच बदलते. 'ताबेरु' (खाणे) याऐवजी आदरणीय व्यक्तीसाठी 'मेशिआगारु', तर स्वतःबाबत नम्रतेने 'इतादाकु' वापरतात. यासुजिरो ओझू यांच्या 'तोक्यो मोनोगातारी' (१९५३) मध्ये सून नोरिको सासूसासऱ्यांशी मार्दवाने बोलते, तर पोटची मुलगी शिगे फटकळपणे. नात्यातील अंतर असे भाषेतूनच उलगडते.

मर्यादा :
सामुराईपटांतील 'सेश्शा' (मी) हे सर्वनाम आज व्यवहारात नाही. 'ओरे' हे पुरुषी सर्वनाम मित्रांत चालते. मुलाखतीत तेच उद्धट ठरते. केवळ चित्रपटांवर विसंबणारा विद्यार्थी अस्खलित बोलूनही नोकरीची संधी गमावू शकतो. शिवाय २०१० च्या अधिकृत सूचीतील २१३६ कांजी चिन्हे केवळ ऐकून येत नाहीत.

निष्कर्ष :
लहान प्रसंग निवडून तो प्रथम उपशीर्षकांविना, नंतर जपानी उपशीर्षकांसह पाहावा आणि कोण, कोणाशी, कोणत्या नात्याने बोलतो याची नोंद करावी. चित्रपट कान तयार करतो. कोठे काय बोलावे याचा विवेक मात्र व्याकरण, लेखन व शिक्षकांचे मार्गदर्शन यांतूनच येतो.