बरं वाटतंय, तेव्हाच सांभाळा

एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात काही माणसं आजारी पडली. उलट्या, केस गळणं, कातडी काळी पडणं. दिल्ली विद्यापीठाने लिलावात काढलेल्या जुन्या यंत्रातला कोबाल्ट-६० तिथे सुटा झाला होता. एका दुकानदाराने त्याचा तुकडा चक्क खिशातल्या पाकिटात ठेवला होता! एक जण दगावला.

कोबाल्टचे गॅमा किरण शरीरातून आरपार जातात. दिसत नाहीत, दुखत नाही, वास नाही. ते पेशीतला डीएनए तोडतात. सर्वात जास्त मार बसतो तो सतत विभागणाऱ्या पेशींना, म्हणजे अस्थिमज्जा, आतडं, केसांची मुळं. मात्रा ‘ग्रे’मध्ये मोजतात. सगळ्या शरीराला थोड्या वेळात १ ग्रेहून जास्त मिळाली, की काही तासांत मळमळ आणि उलट्या. उलटी जितकी लवकर, तितकी मात्रा मोठी.

मग एक-दोन दिवसांत उलट्या थांबतात. रुग्ण जेवतो, हिंडतो, घरी सोडा म्हणतो. खरी फसगत इथेच आहे. आम्हा फौजींना हे रसदेवरून पटकन समजतं. मागचा डेपो उडाला, तरी खंदकातला जवान हातातला दारूगोळा संपेपर्यंत लढतोच. अस्थिमज्जा हा तो डेपो. रक्तातल्या प्लेटलेट्स ८-१० दिवस टिकतात, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी त्याहून कमी. मागून कुमक येत नाही. दोन-तीन आठवड्यांनी हिरड्यांतून रक्त, ताप, जिवावर बेतणारा संसर्ग. ४ ग्रेच्या आसपास, उपचार मिळाले नाहीत तर निम्मे रुग्ण दोनेक महिन्यांत जातात. १० ग्रेच्या वर आतड्याचं अस्तरच नष्ट होतं. तिथे डॉक्टरांच्या हाती फारसं काही उरत नाही.

लिम्फोसाइट नावाच्या पेशी मात्र पहिल्या दोन दिवसांतच घटतात. म्हणून रुग्ण ठणठणीत दिसत असतानाच साधी सीबीसी पुन्हा पुन्हा करतात आणि जंतुविरहित खोली, रक्त, अँटिबायोटिक्स यांची तयारी ठेवतात.

आणि हो, बाहेरून गॅमा किरण लागलेला माणूस स्वतः किरणोत्सर्गी होत नाही. एक्स-रे काढल्यावर आपण होतो का? अंगावर धूळ बसली असेल, तर कपडे उतरवून अंग धुवायचं.

भंगारात आकाराच्या मानाने फार जड डबा दिसला, वर पिवळ्या पट्टीत तीन पात्यांचं चिन्ह असेल, तर हात लावू नका. लांब जा, इतरांना लांब करा, पोलिसांना कळवा. कोणाला उलटी झालीच, तर ती किती वाजता सुरू झाली ते लिहून डॉक्टरांना द्या.