साखर, गाठ आणि एक विकर



बचत गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब झाला की दोन विषय हमखास निघतात. एक साखरेचा, तो मोठ्याने. दुसरा छातीतल्या गाठीचा, तो हळू आवाजात. या दोन्हींशी नातं असलेल्या एका विकराची, म्हणजे एन्झाइमची, आज ओळख करून घेऊ. त्याचं नाव पीआय-थ्री-कायनेज. अमेरिकेतले लुइस कँटली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते १९८०च्या दशकात शोधलं.

आपण जेवलो की रक्तात साखर वाढते आणि इन्सुलिन सुटतं. इन्सुलिन पेशीला बाहेरूनच निरोप देतं. मग हे विकर पेशीच्या पडद्यातल्या, इनॉसिटॉल असलेल्या एका स्निग्ध पदार्थाला फॉस्फेट जोडतं. ही झाली खूण. खूण पटली की साखर आत घेणारी प्रथिनं पडद्यापाशी येतात आणि साखर स्नायूत शिरते. टाइप २ मधुमेहात हा निरोप नीट पोहोचत नाही, म्हणून साखर रक्तातच राहते.

पण स्नायू हलते असले, की साखर घ्यायला त्यांना या विकराची गरज पडत नाही. त्यांची वाट वेगळी असते. म्हणून डॉक्टर चालायला सांगतात. मात्र चालते म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका.

हीच खूण पेशीला ‘वाढ’ असंही सांगते. काम झालं की पीटेन नावाचं दुसरं विकर ती पुसतं. पण पीआयके-थ्री-सीए या जनुकात बिघाड झाला तर निरोप नसतानाही खूण उमटत राहते आणि पेशी वाढत सुटतात. हार्मोनला प्रतिसाद देणाऱ्या स्तनाच्या कर्करोगात सुमारे ४० टक्के रुग्णांत हा बिघाड सापडतो. तो बहुतेक वेळा आयुष्यात पुढे, त्या गाठीतच झालेला असतो. आईकडून लेकीला आलेला नसतो. तेव्हा घराण्याला बोल लावू नका, आणि लेकीच्या लग्नाच्या काळजीने गाठ लपवूही नका.

या विकराला आवर घालणारं अल्पेलिसिब हे औषध २०१९ साली अमेरिकेत मंजूर झालं. त्याने अनेकींची साखर वाढते. का, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. म्हणून मधुमेह असेल तर कर्करोगाच्या डॉक्टरांना आधी सांगा.

आणि गाठ दुखत नसली तरी दाखवा. एकटीला जायला अवघड वाटत असेल, तर गटातल्या मैत्रिणीला सोबत घ्या.