विश्लेषण : जुनी ‘क्लासिक’ मोटार घेताय? सांगलीत आधी पत्रा पाहा, मग पासिंग

ताडपत्रीखाली वर्षानुवर्षे उभी असलेली फियाट, कुणाच्या तरी शेडमधली काँटेसा, क्वचित गोव्याकडून आलेली दोन आसनांची सॅन स्टॉर्म. मोबाइलवर फोटो येतो, खाली ‘इंजिन ओके, पेपर क्लिअर’ एवढेच लिहिलेले असते आणि हौशी माणूस रात्रभर तो फोटो मोठा करून पाहत बसतो. पण जुन्या गाडीत इंजिन ही सर्वांत मोठी चिंता नसते. फियाटचे १०८९ सीसीचे इंजिन जुना मिस्त्री आजही उघडून बांधून देतो. (फियाट बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स वालचंद हिराचंद यांची. त्यांच्याच नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय सांगलीत आहे, तेव्हा इथे या गाडीविषयी आपुलकी जरा जास्त असली तर नवल नाही.) खरा पैसा बुडतो तो कुजलेल्या पत्र्यात आणि अडकलेल्या कागदांत.

गाडी महापुरात होती का?

सांगलीत पहिला प्रश्न हाच विचारावा. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्याआधी २००५ मध्ये आणि नंतर जुलै २०२१ मध्येही शहरात पाणी शिरले. त्या दिवसांत गाडी गावभागात होती, मारुती चौकात, शामरावनगरात की विश्रामबागेच्या उंचवट्यावर, हे मालकाला विचाराच. शेजाऱ्यालाही विचारा, तो जास्त मोकळेपणाने सांगतो.

धुऊन, पॉलिश करून गाडी चकाचक होते, पण गाळ सगळीकडून निघत नाही. कार्पेट उचलून फ्लोअर पाहा. स्टेपनीच्या खळग्यात, हेडलाइटच्या आत, डॅशबोर्डखालच्या वायरिंगवर बारीक सुकलेला गाळ सापडतो. सीट कव्हर कोरे आणि सीटचे बोल्ट मात्र गंजून लाल झालेले, तर समजून जावे. जुन्या विम्याचे कागद आणि क्लेमची नोंद मागा. पुरात ‘टोटल लॉस’ ठरलेल्या गाड्या लिलावात विकल्या जातात आणि त्यातल्या काही दुरुस्त होऊन पुन्हा बाजारात येतात.

पत्रा तपासायला मशीन लागत नाही. छोटे लोहचुंबक रुमालात गुंडाळून दाराच्या खालच्या पट्टीवर आणि चाकांवरच्या कमानीवर फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे रंगाखाली पुट्टी आहे. नंतर गाडी जॅकवर घ्या. जॅक लावायची जागाच दबली, तर किमतीची घासाघीस करत बसण्यात अर्थ नाही.

सॅन स्टॉर्मचे काय?

१९९८ मध्ये आलेली ही गोव्यात बनलेली छोटी स्पोर्ट्स कार. इंजिन रेनॉचे, ११४९ सीसी, साधारण ६० अश्वशक्तीचे. बॉडी फायबरची, त्यामुळे इथे चुंबकाचा उपयोग नाही. बिजागऱ्यांभोवती आणि कोपऱ्यांत केसासारख्या भेगा शोधा. फायबरला गंज चढत नाही म्हणून विक्रेता निर्धास्त असतो. खालच्या लोखंडी सांगाड्याला मात्र चढतो. या गाड्या फारच थोड्या बनल्या. त्यामुळे काच, दिवे, हूड यांपैकी काही नसेल, तर ‘नंतर मिळेल’ यावर विसंबू नये. आमच्या मते अपुरी सॅन स्टॉर्म स्वस्तात घेण्यापेक्षा पूर्ण असलेली महाग परवडते.

चालवून काय पाहायचे?

‘मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका’ असे आधीच सांगा आणि गेल्या गेल्या बॉनेटला हात लावा. थंड इंजिन कसे उचलते, हे कळायला हवे. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. डिपस्टिकवरचे ऑइल ताकासारखे पांढरट दिसले, तर त्यात पाणी मिसळले आहे. सांगलीच्या सपाट रस्त्यावर सगळ्याच गाड्या बऱ्या चालतात. साताऱ्यातली असेल तर यवतेश्वर घाट चढवून पाहा, तापते का ते तिथे कळते.

आणखी एक गोष्ट पेट्रोलची. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. आपल्या ऊसपट्ट्याला त्याचा फायदा आहे, पण कार्बोरेटरच्या जमान्यातले रबरी पाइप आणि सील त्यासाठी बनलेले नव्हते. इथेनॉल पाणी ओढून घेते, म्हणून महिनोन्‌महिने उभ्या गाडीची टाकी आतून गंजते. पाइप बदलण्याचा आणि टाकी साफ करण्याचा खर्च किमतीत धरा.

कागदांत कुठे अडकते?

जुन्या गाडीचे आरसी अनेकदा आजोबांच्या नावावर असते आणि आजोबा हयात नसतात. अशा वेळी आधी फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर व्हावी लागते. मगच फॉर्म २९ आणि ३० भरून ती तुमच्या नावावर येते. एका भावाने विकली आणि दुसऱ्याने हरकत घेतली, तर तुमचे पैसे आणि गाडी दोन्ही अडकतात. बेळगावची केए २२ किंवा गोव्याची जीए पासिंगची गाडी असेल, तर तिथल्या आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते आणि इथे कर वेगळा भरावा लागतो.

एम-परिवहन ॲपवर नंबर टाकून नोंदणीची मुदत, बँकेचा बोजा आणि चलन पाहा. जुन्या तीन अक्षरी नंबरची गाडी ॲपवर दिसतेच असे नाही. नोंद ऑनलाइन चढवून घेण्याचे काम विक्रेत्याकडूनच करून घ्या. चासी नंबर आरसीशी स्वतः ताडून पाहा. एका अंकाचा फरकही एचएसआरपी पाटीच्या वेळी आडवा येतो.

‘विंटेज’ या शब्दाला भुलू नका. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेली आणि मूळ रूपातली गाडीच विंटेज. तिला ‘व्हीए’ मालिकेतला नंबर मिळतो, नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये आहे आणि ती रोजच्या वापरात आणता येत नाही. १९९० ची पद्मिनी किंवा काँटेसा त्यात बसत नाही. तिच्यासाठी नेहमीचेच नूतनीकरण, ज्याचे शुल्क २० वर्षांवरील मोटारींसाठी ऑगस्ट २०२५ पासून १० हजार रुपये झाले आहे. पर्यावरण कर वेगळा.

इसार देताना ही थकबाकी कोणी भरायची, वारसांच्या सह्या कोणी आणायच्या, हे कागदावर लिहून घ्या आणि आरसीवर तुमचे नाव चढेपर्यंत रकमेचा मोठा हिस्सा हातात ठेवा.