विद्यापीठांच्या वाटेने (भाग 4) : शिकवणार नाही, तपासू!

मागच्या भागात आपण 1854 च्या वूडच्या खलित्यापाशी, म्हणजे हिंदुस्थानातल्या शिक्षणाविषयीच्या सरकारी आदेशापाशी, थांबलो होतो. त्या खलित्यातूनच कोलकाता, मुंबई आणि मद्रास ही तीन विद्यापीठं एकाच वर्षी निघाली. मुंबईचा कायदा 18 जुलै 1857 चा. उत्तरेत तेव्हा बंडाची धामधूम चालू होती.

पण या विद्यापीठात शिकायला जायचं तर कुठे? स्वतःची इमारत नाही, वर्ग नाहीत, प्राध्यापक नाहीत. नमुना होता लंडन विद्यापीठाचा. शिकवायचं कॉलेजांनी, विद्यापीठाने अभ्यासक्रम ठरवायचा, पेपर काढायचे, तपासायचे आणि पदवी द्यायची. माझ्या मते मुंबई विद्यापीठाचा स्वभाव या एका गोष्टीत सापडतो.

1859 मध्ये पहिली मॅट्रिक झाली. 132 जण बसले, 22 पास झाले. 1862 साली पहिले बी.ए. बाहेर पडले ते महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. चौघेही मराठी, पण याच विद्यापीठाने लवकरच वरच्या परीक्षांतून मराठीला बाहेर काढलं. अभिजात भाषा म्हणून संस्कृत चालेल, लॅटिन चालेल, घरची भाषा नको! विद्यापीठ शिकवत नसलं तरी परीक्षेत जे नाही ते कॉलेजात कोण शिकवणार? मराठी परत यावी म्हणून रानडे वर्षानुवर्षं सिनेटमध्ये भांडत राहिले. जानेवारी 1901 मध्ये ते गेले आणि त्याच सुमारास एम.ए.ला मराठीची वाट मोकळी झाली.

इमारती आल्या त्या शेठ लोकांच्या पैशांतून. अमेरिकेतल्या यादवीमुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. त्या तेजीत गबर झालेल्या प्रेमचंद रायचंदांनी ग्रंथालयासाठी दोन लाख आणि आईच्या नावाच्या मनोऱ्यासाठी दोन लाख दिले. 1865 मध्ये बाजार कोसळला, प्रेमचंदही बुडाले, पण देणगी तरली. 1878 मध्ये 280 फुटांचा राजाबाई टॉवर पुरा झाला. त्याखालून जाताना मान वर करून पाहा : पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या दगडी मूर्ती, आपापल्या पागोट्या-पेहरावासह, उंचावर उभ्या आहेत. शेजारचं पदवीदान सभागृह कावसजी जहांगीर रेडीमनी यांच्या देणगीतलं.

विद्यापीठाचा पसारा पार सिंधपासून धारवाडपर्यंत होता. टिळक शिकले पुण्याच्या डेक्कन कॉलेजात, पण 1876 ची त्यांची बी.ए. मुंबईची. 1888 मध्ये पदवी मिळवणाऱ्या कॉर्नेलिया सोराबजी, या विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर, त्याही डेक्कनच्याच. पुण्याला स्वतःचं विद्यापीठ मिळायला 1949 उजाडलं. तोवर 1919 मध्ये पॅट्रिक गेडीस समाजशास्त्राचे प्राध्यापक म्हणून मुंबईत आले होते, पुढे त्यांच्या जागी घुर्ये आले आणि विद्यापीठ स्वतः शिकवू लागलं. सत्तरच्या दशकात कलिन्याला विद्यानगरी उभी राहू लागली.

तरीही सावंतवाडीच्या किंवा पालघरच्या बी.कॉम.वाल्याला विचारा. कलिना त्याने पाहिलेलंही नसतं. त्याच्या लेखी विद्यापीठ म्हणजे हॉल तिकीट, झेरॉक्सच्या दुकानातल्या मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका, ‘केटी लागली का रे?’ (म्हणजे विषय राहिला का?) हा प्रश्न आणि निकालाच्या दिवशी अडकलेलं संकेतस्थळ. फार तर युथ फेस्टिव्हलच्या एकांकिकेसाठी एखादी चक्कर. त्याच्या मजेचा, मैत्रीचा, कट्ट्याचा मक्ता त्याच्या कॉलेजकडे.

म्हणूनच 2017 चा गोंधळ इतका झोंबला. उत्तरपत्रिका संगणकावर तपासायचा निर्णय घाईने झाला, निकाल महिनोन्महिने रखडले, पुढच्या प्रवेशांची पंचाईत झाली आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून जावं लागलं. शिकवण्यात विद्यापीठ कमी पडलं असतं तर एक वेळ समजून घेता आलं असतं. ते चुकलं तपासण्यात, म्हणजे ज्या कामासाठी ते काढलं होतं नेमकं त्यातच.

(पुढील आठवड्यात : मद्रास विद्यापीठ)