एक चाल, दोन वाद्यं

आजचा प्रश्न घराघरांतला आहे. मुलगी दोन वर्षं कीबोर्ड शिकते आहे आणि आता तिला गिटार हवी आहे. द्यावी का? घरातलं वडीलधारं माणूस लगेच म्हणतं, ‘एक ना धड, भाराभर चिंध्या.’ या म्हणीत तथ्य आहे. पण ती कुठे लागू पडते आणि कुठे नाही, हे आधी तपासू या. उत्तर चुकलं तर पोर दोन्ही वाद्यांना रामराम ठोकेल, ही भीती खरी आहे.

वाद्य बदलल्यावर पहिल्यांदा बदलतं ते हातांचं काम. पियानोवर उजवा हात आपला सूर वाजवतो, डावा आपला. गिटारवर एकच सूर काढायला दोन्ही हात लागतात. डावा तार दाबून सूर निवडतो, उजवा तो छेडतो. दोघांत क्षणाचं अंतर पडलं की ‘खट्’ असा मुका आवाज येतो. पियानोवर स्वतंत्र वागायला शिकलेले हात इथं एकमेकांसाठी थांबायला शिकतात.

दुसरा बदल सुरांच्या पत्त्याचा. पियानोला 88 पट्ट्या असतात आणि प्रत्येक सुराचं घर एकच. गिटारवर सगळ्यात बारीक तार मोकळी छेडा. जो सूर येतो, तोच दुसऱ्या तारेच्या 5व्या पडद्यावर मिळतो, तिसरीच्या 9व्या आणि चौथीच्या 14व्या पडद्यावरही मिळतो. म्हणजे सूर कोणता हे ठरल्यावरही तो कुठून घ्यायचा, हे ठरवावं लागतं.

आता भजनातलं उदाहरण घ्या. बुवा म्हणाले, ‘आज काळी एक नको, काळी दोन घ्या.’ पेटीवाल्याला त्याच चालीसाठी बोटांची सगळी मांडणी बदलावी लागते. गिटारवाला मोकळ्या तारा न वापरता वाजवत असेल, तर तोच आकार दोन पडदे पुढे सरकवतो आणि काम होतं. एकाला जे अवघड, ते दुसऱ्याला सोपं. म्हणून ‘सोपं वाद्य कोणतं?’ या प्रश्नाला एकच एक उत्तर नाही.

आणि हो, एक बारीक खोच. पियानोच्या पुस्तकात 1 हा आकडा अंगठ्याचा असतो. गिटारच्या पुस्तकात डाव्या हाताचा 1 म्हणजे तर्जनी. नवशिक्याच्या डोक्यात दोन्ही आकडेमोडी एकदम शिरल्या की गोंधळ होणारच. वडीलधाऱ्यांची म्हण खरी ठरते ती इथं, बोटांच्या सवयीत. पहिली सवय पक्की होण्याआधी दुसरी घातली, तर दोन्ही कच्च्या राहतात.

पण संगीत बोटांतच असतं का? गिल्बर्ट राइल या तत्त्वज्ञानं 1949 साली ‘द कन्सेप्ट ऑफ माइंड’ या पुस्तकात माहिती असणं आणि करता येणं यांत फरक केला. पोहण्याची सगळी माहिती असलेला माणूसही विहिरीत बुडू शकतो, हे आपल्याला ठाऊकच आहे. मला त्यात एक भर घालाविशी वाटते. जे ‘करता येतं’, त्याचेही दोन थर असतात. एक थर वाद्याशी बांधलेला, दुसरा कानाशी.

तो दुसरा थर पाहायचा तर लांब जायला नको. आपल्या जुन्नर-आंबेगावात, ओतूर असो की घोडेगाव, भजनाला बसणारा पोरगा आधी टाळ धरतो. कधी पखवाजाला बसतो, कधी पेटी ओढतो. हातातलं वाद्य बदलतं, अभंगाची चाल तीच राहते, कारण ती त्यानं आधी गळ्यात घेतलेली असते. समेवर कधी यायचं, हे त्याला प्रत्येक वाद्यावर नव्यानं शिकावं लागत नाही. त्याला कुणी ‘चिंध्या’ म्हणत नाही!

शिवाय प्रत्येक वाद्याचं काही उणं असतं. पेटीचे सूर ठरलेले. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तिच्यातून निघत नाही. हा पेटीवरचा मोठा आक्षेप होता. 1940 साली ऑल इंडिया रेडिओनं तिच्यावर घातलेली बंदी सुमारे तीन दशकं टिकली. कीबोर्डचंही तसंच. तो कधी बेसूर होत नाही, म्हणून शिकणाऱ्याच्या कानाला कष्ट पडत नाहीत. गिटार मात्र वाजवण्याआधी जुळवावी लागते. तार जास्त दाबली तरी सूर चढतो. कीबोर्डवर दोन वर्षं झोपलेला कान इथं जागा होतो.

मग करायचं काय? 1979 साली शे आणि मॉर्गन या संशोधकांनी हाताच्या हालचाली शिकवण्याचा एक प्रयोग केला. एकेक हालचाल घोटून घेणारे सरावात पुढे होते. मिसळून सराव करणारे तेव्हा अडखळले, पण नंतरच्या चाचणीत त्यांनाच जास्त आठवलं. तो प्रयोग वाद्यांवरचा नव्हता, हे ध्यानात ठेवा. पण त्यातून एक धडा घेता येतो. आज अडखळणं म्हणजे शिकणं थांबलं, असं नव्हे.

माझा सल्ला असा. पहिल्या वाद्यावर चार-पाच चाली न अडखळता वाजू लागल्या की दुसरं द्यावं. दोन्हींच्या सरावाच्या वेळा वेगळ्या ठेवाव्यात. गिटारवर नवी गाणी लगेच नकोत; कीबोर्डवर बसलेलीच एक चाल घ्यावी, आधी गाऊन घ्यावी, मग तारेवर शोधावी. आणि कीबोर्डवर अवघड धडा आला, त्याच आठवड्यात मुलगी गिटार मागत असेल, तर तो धडा पुरा होईपर्यंत थांबावं. वाद्य बदलणं वेगळं आणि अडचणीतून पळणं वेगळं. दोन्ही बाहेरून सारखीच दिसतात. फरक ओळखायचा तर तिला एवढंच विचारा, ‘ती चाल गाऊन दाखवतेस का?’ तिनं गाऊन दाखवली, तर गिटार खुशाल आणा.